साडेपाच इंचाचा गोकू साडेसहा हजाराला. घ्यावा का?

गंजगोलाई

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहितोय. मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे, वय ३६, दोन लेकरं. म्हणजे ज्या वयात हा प्रश्न विचारू नये त्या वयात विचारलालो, हे मला माहीत आहे.

शाळेत असताना संध्याकाळी कार्टून चॅनलवर 'ड्रॅगन बॉल झेड'मधला गोकू बघायचो. लाइट गेली की शेजारच्या गल्लीत पळायचो, तिकडचा फेज वेगळा होता. आता त्याचाच बाहुला, म्हणजे फिगर, एका साइटवर बघितला; जपानच्या बांदाई कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स मालिकेतला. उंची साडेपाच इंच, हात-पाय-मान सगळं वळतं, बदलायचे तीन चेहरे आणि हातांच्या जोड्या सोबत. किंमत ६,५००. तसाच दिसणारा इथल्या गंजगोलाई बाजारात एका दुकानात ४५० ला आहे.

बायकोचं म्हणणं, "ह्या बाहुलीच्या पैशात लेकराची सायकल येती की." ते बरोबरच आहे, म्हणून तर इथं आलो. चार गोष्टी सांगा. ही किंमत वाजवी आहे की नुसती नावाची? ४५० वाल्यात काय वाईट आहे? आपल्या उन्हाळ्यात हे टिकतं का? आणि उद्या विकायचा म्हटला तर कोणी घेईल का?

औंढ्याचा_नाना

सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८. म्हणजे सव्वा क्विंटल सोयाबीन देऊन एक प्लास्टिकचा माणूस. आणि हमीभाव कोणाला मिळायलाय ते मुनीमसाहेबांनीच सांगावं. काहून नाद करायलाव?

गंजगोलाई

नाना, हा हिशोब मी पहिल्या दिवशीच केला. त्यामुळंच तर झोप लागंना.

डाय_फिटर

वाळूजला मोल्डिंगमध्ये, म्हणजे साच्यातून प्लास्टिकचे पार्ट काढायच्या कामात, सतरा वर्षं काढली आहेत. गाड्यांचे पार्ट काढतो, खेळणी नाही, पण प्लास्टिक ते प्लास्टिक. माझ्या लाइनचं आहे म्हणून जरा लांबण लावतो.

लोक म्हणतात "प्लास्टिक तर शंभर ग्रॅमचं". खरं आहे, प्लास्टिकच्या दाण्याची किंमत ह्यात जवळपास नाहीच. पैसा असतो डायमध्ये, म्हणजे साच्यात. पोलादाच्या ठोकळ्यात पार्टचा उलटा आकार कोरायचा, तोही मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळून. समजा एका डायला दहा लाख लागले. त्यातून दहा लाख बादल्या काढल्या तर बादलीमागं एक रुपया पडला. त्यातून दहाच हजार नग काढले तर नगामागं शंभर रुपये. आणि बादलीला एक डाय पुरते. ह्या बाहुल्याचा खांदा, दंड, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा, पंजा सगळं वेगवेगळं, डावं वेगळं, उजवं वेगळं. त्यात हातांच्या जोड्या आणि चेहरे. गिऱ्हाईक मात्र जगभरातलं मोजकं. म्हणून पाण्याचा ड्रम स्वस्त वाटतो आणि वीतभर गोकू महाग.

दुसरं, सांधा. सांध्याची खुंटी आणि खोबण ह्यांच्यात केसाएवढं अंतर कमी-जास्त झालं तर एकतर हात वळत नाही, नाहीतर लोंबकळतो. आमच्याकडं क्लिप बसत नाही म्हणून अख्खा लॉट परत येतो, तसंच हे. डोळे-भुवया छापाव्या लागतात, अर्धा मिलिमीटर सरकलं की गोकू तिरळा. त्यावर कॅरेक्टरच्या मालकाची रॉयल्टी.

आता ४५० वाला. मूळ नग समोर ठेवून त्याचाच साचा मारतात. प्लास्टिक थंड होताना आकसतं, त्यामुळं कॉपी मुळापेक्षा थोडी बुटकी निघते आणि बारीक रेषा बुजतात. घेताना पार्टच्या जोडावर नख फिरव, पातळ पापुद्रा लागला तर तो फ्लॅश, म्हणजे बहुतेक डाय झिजलेली आहे. नाकाजवळ ने. रॉकेलसारखा उग्र वास आला तर ठेवून दे. भंगार दळून पुन्हा वापरलेला माल असू शकतो तो, रंगात काय घातलंय देवाला ठाऊक. लेकरू तोंडात घालतं, हे लक्षात ठेव.

खेळण्यांवर आयएसआय शिक्क्याची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे. ती १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. एस. एच. फिगुआर्ट्सच्या डब्यावर १५ वर्षं आणि पुढं असं असतं, म्हणजे कंपनीच सांगती की हे पोराच्या हातात देऊ नका. ४५० वाला मात्र पोरांसाठीच टांगलेला असतो, त्यावर शिक्का शोध.

बरं, महाग का त्याचं तिसरं कारण जपानात नाही, दिल्लीत आहे. खेळण्यांवरची आयात ड्यूटी फेब्रुवारी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ ला ७०. शंभराचा माल बंदरातच एकशे सत्तरचा. मग जीएसटी, आयातदार, साइटवाला. माझं मत विचारशील तर जपानातल्या किमतीला ही वस्तू मापात आहे. साडेसहा हजाराला ती मापात नाही, पण लुबाडणारा कोणी एक जण दाखवता येत नाही.

वहिनी "बाहुली" म्हणतात त्यावरून आठवलं. हा वाद अमेरिकेच्या कोर्टातसुद्धा झालाय. तिथं बाहुलीवर १२ टक्के ड्यूटी होती, खेळण्यावर ६.८. टॉय बिझ ही खेळण्यांची कंपनी म्हणाली, आमचे कॉमिक्समधले एक्स-मेन माणसं नाहीतच, म्हणजे बाहुल्याही नाहीत. २००३ मध्ये कोर्टानं ते मानलं. मुळात असल्या वळणाऱ्या बाहुल्यांना ॲक्शन फिगर हा शब्दच अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीनं १९६४ ला जी. आय. जो हा सैनिक बाहुला काढताना आणला. पोरं बाहुली घेणार नाहीत ही भीती. तेव्हा वहिनींचा मुद्दा ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर आहे.

गंजगोलाई

दादा, हे बायकोला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं.

वजिराबादची

उन्हाळ्याचं मी सांगते, कारण ती फी मी भरलेली आहे.

नांदेडला आमचं घर पत्र्याचं होतं, फिगर्सचे डबे माळ्यावर. मे संपल्यावर काढले तर दोन फिगर्सच्या अंगाला चिकटपणा, बोट लावलं की ठसा उमटायचा. मला वाटलं उंदीर-झुरळांचं काही असेल. तसं नव्हतं. मऊ पीव्हीसीमध्ये ते लवचिक राहावं म्हणून तेलकट द्रव्य घालतात, ते उष्णतेनं हळूहळू बाहेर झिरपतं. बंद डब्यात तर ते तिथंच साचून राहतं. म्हणजे "डबा उघडायचा नाही, किंमत जाईल" असं करणाऱ्यांचा माल आतल्या आत घामेजत असतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशनं धुतलं, सावलीत वाळवलं, निघून गेलं. नंतर कधीतरी पुन्हा येतं, पुन्हा धुवायचं. स्पिरिट, थिनर लावू नका, रंग उतरतो.

घोट्यावर वजन असेल तर उभ्या उभ्या फिगर वाकते. वाकलेली काठी किंवा तलवार गरम पाण्यात धरून सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात बुडवायची. रंगवलेल्या चेहऱ्यावर हा प्रयोग नको.

जागा: पश्चिमेची भिंत नको, खिडकी नको, आणि कूलरच्या झोतासमोर तर अजिबात नको. पुण्याच्या एका मैत्रिणीकडं बारा इंची फिगर होती, खऱ्या कपड्यांची, किंमत ऐकून मी खाली बसले होते. तिच्या जाकिटाचं नकली चामडं पाच-सहा वर्षांत सोललं. तो माणूस आता कपाटात खरूज झाल्यासारखा उभा आहे. मराठवाड्यात तरी कापडी-चामडी कपड्यांच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर माझा एक उलटा प्रश्न. तुम्ही त्याला हात लावणार आहात का? रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसून त्याची पोझ बदलणार का? तसं असेल तर सांध्यांचे पैसे वसूल आहेत. आणायचा, उभा करायचा आणि दिवाळीला धूळ पुसायची, असं असेल तर सांधे कशाला विकत घेता? बान्प्रेस्टो ह्या जपानी ब्रँडच्या न वळणाऱ्या फिगर्स बघा. जपानात गेम सेंटरमधल्या पकडायच्या मशीनमध्ये बक्षीस म्हणून ठेवायला त्या निघतात. आकारानं मोठ्या, रंग बरा, सांधे नाहीत म्हणून बऱ्याच स्वस्त. माझा पिकोलो (गोकूच्याच मालिकेतला) तसाच आहे, सात वर्षं एकाच रागात उभा.

बॉक्सपॅक_परभणी

सगळे खर्चच सांगायलेत. मी सांगतो, ही गुंतवणूक आहे. २०२४ मध्ये स्टार वॉर्स सिनेमातल्या बोबा फेटची फिगर पाच लाख डॉलरच्या वर गेली लिलावात. बंद डबा ठेवा, दहा वर्षं विसरा.

डाय_फिटर

तो बोबा फेट दुकानात कधी आलाच नव्हता बे. पाठीवरून रॉकेट उडणारा नमुना होता, बनवणाऱ्या केनर कंपनीनं विक्रीला काढलाच नाही, म्हणून त्याला तो भाव. तुझा गोकू कंपनी पुढच्या वर्षी पुन्हा छापील, चेहरा अजून चांगला करून.

२०२३ ला फंको ह्या फिगर्स बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीनं काय केलं ते बघ. तीन ते ३.६ कोटी डॉलरचा माल फेकून देणार म्हणून स्वतःच जाहीर केलं. गोदामात ठेवणं परवडंना. त्यातलेच डबे लोकांनी गुंतवणूक म्हणून घरी रचलेले.

गंजगोलाई

हे मला समजतं. भाव येईल म्हणून सोयाबीन घरात ठेवलेली माणसं मी रोज बघलालो. शेवटी उंदीर, वजनातली घट आणि तोच भाव. चौथा प्रश्न मी मागं घेतो.

लसूण_पावशेर

परभणीकर भाऊ, माझी गुंतवणूक ऐका. नव्वदच्या दशकात वडिलांनी औरंगाबादहून (तेव्हाचं) फनस्कूलचे जी. आय. जो आणले होते, एकेक करून अकरा. पावणेचार इंची, पाठीवर बॅग, बंदुका. फनस्कूलनं भारतात काढलेल्यांचे रंग काही ठिकाणी अमेरिकेतल्यांपेक्षा वेगळे होते, म्हणून परदेशातले शौकीन आज ते हुडकत असतात. हे मला २०१५ ला कळलं. सेलूला घरी फोन लावला. आई म्हणाली, "ते सैनिक व्हय? ते तर तुझ्या बारावीच्या वर्षीच भंगारवाल्याला घातले. पावशेर लसूण दिला त्यानं."

लसूण चांगला होता म्हणे.

औंढ्याचा_नाना

😂 माउलीला नमस्कार सांगा. मी माझा विरोध थोडा मागं घेतो. पोळ्याला मातीचे बैल आणतो आम्ही, पूजा झाली की कोनाड्यात, पुढच्या वर्षी नवे. त्याची किंमत वसूल झाली का, असं आमच्यात कोणी इचारत नाही. पण ते शंभर रुपयात येतात, हेही आहेच.

औसा_रोड

गंजगोलाई भाऊ, मी लातूरातच आहे. माझ्याकडं हाच गोकू आहे, डबा फोडलेला, तीन वर्षं काचेच्या कपाटात. डावी मूठ हरवली आहे, बाकी दोन्ही चेहरे-हात पूर्ण (तिसरा चेहरा अंगावर). ३,२०० सांगतो. आधी येऊन हातात धरून बघा, वळवून बघा. नाही आवडला तर चहा पिऊन जा. फोटोवरून साडेसहा हजार टाकू नका. मी एकदा एका साइटवर असंच टाकले आणि डब्यातून ४५० वाला निघाला, परत करता करता दीड महिना गेला.

वजिराबादची

जाताना गुडघे आणि घोटे आधी तपासा. एका पायावर उभा राहिला पाहिजे. सैल असेल तर किंमत पाडा. आणि चेहरे बदलताना पुढची बट जपून, तिथंच जोर पडतो.

गंजगोलाई

अपडेट. रविवारी औसा रोडला जाऊन आलो, बायकोला घेऊन. मी नुसता बघत उभा होतो. तिनं उचलला, कोपर वळवलं, मान फिरवली, उजवा गुडघा थोडा ढिला आहे हे तिनंच काढलं आणि २,८०० वर आणला. आडतीत मी नाही, तिनं बसायला पाहिजे.

घरी आल्यावर फ्रिजवर ठेवला. लेकरांना सांगितलं, हात लावायचा नाही. सकाळी उठून बघतो तर गोकूनं फ्रिजच्या कडेवर मांडी घातलेली, समोर शेंगदाण्याच्या चटणीची वाटी. लेकरं झोपलेली होती.

आता एक नवीनच अडचण. त्याला हवेत उडताना उभा करायचा तर स्टँड लागतो आणि तो ह्या डब्यात येतच नाही म्हणे, तामाशी स्टेज म्हणून वेगळा घ्यावा लागतो. चांगला आणि स्वस्त कोणता आहे?

डाय_फिटर

बाइंडिंग वायर. दीड फूट. कंबरेला आधी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी गुंडाळ, रंग खरचटणार नाही.