संपादनापूर्वीचे आणि नंतरचे छायाचित्र कसे ताडून पाहावे?

प्रश्न: जून २०२० मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाची मूळ छायाचित्रे आणि त्यांच्या संपादित प्रती मी गावातील शाळेत लावणार आहे. रंग किती वाढवला आहे, हे कसे ओळखावे?

उत्तर: ताई, आधी ‘मूळ’ म्हणजे काय ते पाहा. जेपीईजी या नेहमीच्या प्रकारच्या छायाचित्र फाइलमध्ये कॅमेऱ्यानेच रंग आणि कॉन्ट्रास्ट बदललेले असतात, शिवाय तिच्यात प्रत्येक रंगाच्या २५६च छटा मावतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, १६,३८४ मावतात, म्हणून शक्य असल्यास तुलना रॉ फाइलशीच करावी.

उत्तर: माझ्या मते पाण्यापेक्षा काठाकडे पाहणे अधिक उपयोगी ठरेल. काळसर बेसाल्ट खडक आणि हिरवी झाडेही गुलाबीकडे झुकली असतील, तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे संपूर्ण चित्रातील रंगांचा समतोल, बिघडला आहे. केवळ पाणीच अधिक गडद झाले असेल, तर तेवढाच भाग निवडून बदललेला असू शकतो. मुळात पाणी खरोखरच गुलाबी झाले होते आणि त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव होते, त्यामुळे मुलांसमोर दोन्ही प्रती एकाच आकारात, एकाच कागदावर छापून लावाव्यात आणि संपादित प्रतीखाली तसे स्पष्ट लिहावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. रॉ फाइल छायाचित्रकारांकडून मागवते.