मदत हवी आहे: एबीएसचा संपर्क मधेच तुटतो, मॉड्यूल बदलण्याआधी वायरिंग कसं तपासू?

नमस्कार मंडळी,

आम्ही लोट्याला राहतो. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चिपळुणात असतं, म्हणजे दर खेपेला परशुराम घाट उतरायचा. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ८६,००० किलोमीटर चाललेली. गेल्या मंगळवारी घाटातल्या वळणावर स्पीडोमीटरचा काटा ४० वरून एकदम शून्यावर पडला, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे पेटले आणि स्टिअरिंग जड झालं. इंजिन मात्र नीट चालू होतं. बाबा शेजारी होते. मी दोन्ही हातांनी ओढून कसंबसं वळण काढलं. खाली येऊन चावी बंद-चालू केली तर सगळं जागेवर! पावसाळ्यापासून हे चौथ्यांदा झालंय, आणि प्रत्येक वेळी खराब रस्त्यावर किंवा गतिरोधकानंतर लगेच.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. इंजिन, डॅशबोर्डवरचं मीटर आणि स्टिअरिंग या तिघांच्याही मेमरीत एकच कोड निघाला, यू०१२१, म्हणजे एबीएसशी संपर्क तुटला. निदान असं की एबीएस मॉड्यूल (ती यंत्रणा चालवणारा कंट्रोल डबा) गेलं, खर्च ४२ हजार. पैसे कसेही उभे करीन, पण मॉड्यूल बदलूनही घाटात परत तसंच झालं तर? ती भीती जात नाही.

म्हणून घरी जमेल तेवढं तपासलं. बॅटरी १२.५ व्होल्ट, गाडी चालू असताना १४.१. एबीएसचे फ्यूज ठीक. अर्थिंगचा बोल्ट काढून घासून परत घट्ट बसवला. चावी ऑन ठेवून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (जिथे स्कॅनर लावतात) अर्थिंगच्या तुलनेत पिन ६ वर २.६ व्होल्ट आणि पिन १४ वर २.४ मिळाले. म्हणजे कॅनच्या (गाडीतली मॉड्यूल्स ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन्ही वायरी निदान शॉर्ट तरी नाहीत.

मग बॅटरीची मायनस काढली, दहा मिनिटं थांबलो आणि त्याच दोन पिनांमध्ये ओहम मोजले. ६०.४ आले. लाइनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि दोन्ही समांतर मिळून ६० होतात, तेव्हा हे बरोबरच. पण पुतण्याने बॉनेटखाली एबीएसजवळचं वायरिंग हळूच दाबलं आणि मीटरवर १२० दिसले! सोडलं की परत ६०. पाच वेळा करून पाहिलं, पाचही वेळा तसंच.

माझी समजूत अशी की मॉड्यूलचा करंट तुटला असता तरी ओहम ६० च राहिले असते, कारण रेझिस्टर दोन वायरींच्या मधे नुसता बसलेला असतो, त्याला वीज लागत नाही. १२० दिसतात म्हणजे एका टोकाचा रेझिस्टर लाइनपासून सुटतोय. हे बरोबर आहे ना? आणि तुटलेली जागा मॉड्यूलच्या आत आहे की बाहेर, हे खात्रीने कसं ठरवायचं?

प्रतिसाद

समजूत अगदी बरोबर आहे, आणि दाबल्यावर दरवेळी आकडा बदलतोय म्हणजे अर्धं काम झालंय. स्पीडोमीटर आणि स्टिअरिंग दोघांनाही वेग एबीएसकडूनच कळतो. तो मिळेनासा झाला की काटा पडतो, आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग आपली मदत कमी करतं. दुखणं एकच आहे, दिसतंय तीन ठिकाणी.

आता मायनस काढलेली ठेवूनच एबीएसचा मोठा कपलर (वायरिंगचा प्लग) काढा. तुमच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा बघून कॅनच्या दोन पिन नक्की करा, अंदाजाने नको. आधी मॉड्यूलच्या बाजूने मोजा. तिथे १२० आले आणि मॉड्यूलवर बोटाने हलकं ठोकूनही हलले नाहीत, तर आतला रेझिस्टर शाबूत आहे. मग कपलरच्या वायरिंगच्या बाजूने मोजा, तिथे दुसऱ्या टोकाचे १२० दिसायला हवेत. वायरिंग हलवताना ते गायब झाले तर वायर तुटलीये. दोन्हीकडे १२० अगदी स्थिर असतील तर दोष मधल्या सांध्यात, म्हणजे पिन सैल झालीये किंवा गंजलीये. मीटरची टोकदार सळई पिनेत खुपसू नका, चांगली पिनही सैल होते. टेस्ट लॅम्प तर या वायरींना अजिबात लावू नका.

आणि हे मिटेपर्यंत बाबांना दुसऱ्या गाडीने न्या, ही कळकळीची विनंती.

धागाकर्ता

मनापासून आभार. काल शेजाऱ्यांच्या गाडीने नेलं.

आज कपलर काढला. मॉड्यूलच्या बाजूने १२१, ठोकूनही तसेच. वायरिंगच्या बाजूने १२०, आणि वायर दाबली की ओहम मीटर सर्किट उघडं, म्हणजे जोड तुटलेला दाखवतो. टेप सोडत गेलो तर कपलरपासून वीतभर अंतरावर, जिथे वायरिंग पत्र्याच्या ब्रॅकेटवर घासतं, तिथे दोनपैकी एका वायरचं आवरण फाटलंय आणि आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी आहे. दोन-तीन तारा तेवढ्या शिल्लक आहेत. बाजूची वायर धडधाकट आहे.

आता शेवटचं विचारतो. खराब तुकडा कापून नवा घालावा लागेल. ही जागा पावसात भिजणारी आणि हादरे खाणारी, तेव्हा सोल्डर करू की क्रिम्प करून (धातूची नळी दाबून जोडून) वर गोंदवाली हीटश्रिंक नळी चढवू? आणि दोन वायरींचा एकमेकींना असलेला पीळ सांध्यावर किती लांब सुटलेला चालतो?