शब्दचर्चा : आरॉन पुम्नुल यांच्या प्रयोगाला 'भाषाशुद्धी' म्हणावे का?

प्रश्न : आरॉन पुम्नुल (१८१८–१८६६) या रुमानी (रुमानियन) राष्ट्रवादी पंडितावरील टिपणाचे भाषांतर चालू आहे. त्यांनी घडवलेल्या शब्दांच्या पद्धतीला 'पुम्नुलिझम' किंवा '-चुने' या प्रत्ययावरून 'चुनिझम' म्हणतात. मराठीत 'भाषाशुद्धी' चालेल?

उत्तर : नको. भाषाशुद्धी म्हटले की आपल्याला सावरकर आठवतात : परका शब्द काढा, 'महापौर', 'दिनांक' असा घरचा बसवा. त्याच्या जवळ जाणारे रुमानी उदाहरण लाउरियान आणि मासिम यांच्या कोशाचे (१८७१–७७). त्यांनी लॅटिन नसलेले किंवा शंकास्पद शब्द मुख्य कोशाबाहेर काढून वेगळ्या शब्दसूचीत घातले. पुम्नुल यांचे काम निराळे. लॅटिन शब्द ते घेतच होते, पण जुन्या ध्वनिनियमांच्या चरकातून काढून.

'रोगातिओनेम'चे रुमानीत पूर्वीच 'रुगचुने' (प्रार्थना) झाले होते. मग नव्याने आलेल्या 'नात्सिउने'चेही (राष्ट्र) 'नचुने' व्हायला हवे, हा त्यांचा तर्क. तसेच 'क्त'चा 'प्त' : 'ओक्तो'चे 'ओप्त' (आठ), 'नोक्तेम'चे 'नोआप्ते' (रात्र), म्हणून 'लेक्तुरा'चे 'लेप्तुरा'. आपल्या शब्दांत हे तत्समाचे सक्तीचे तद्भवीकरण. 'भक्त'चा (अन्न) 'भात' आणि 'सक्तु'चा 'सातू' झाला, म्हणून कुणी 'भक्ती'ला 'भाती' आणि 'युक्ती'ला 'जुती' लिहायला लागले तर जसे होईल तसे.

गंमत म्हणजे त्यांचे आडनावच या यंत्रातून निघालेले आहे : लॅटिन 'पुग्नुस'चे 'पुम्न', म्हणजे मूठ, आणि '-उल' हे शेवटी लागणारे उपपद. 'लिग्नुम'चे 'लेम्न' (लाकूड) झाले त्याच नियमाने.

पुरवणी : उच्चार लिहिताना मराठीचे दोन 'च' कामी येतात. 'नात्सिउने'तला 'त्स' म्हणजे 'चाक'मधला च, 'नचुने'तला 'चार'मधला. 'रुगचुने'तला 'ग' पूर्ण उच्चारायचा, आणि शेवटचा 'ए' खाऊ नये.

प्रश्न : नियम बरोबर होता, मग शब्द टिकले का नाहीत?

उत्तर : नियम झाला होता, होत नव्हता. लोकांच्या तोंडी 'क्त' बदलणे शतकांपूर्वीच थांबले होते. '-चुने' प्रत्यय मात्र जिवंत होता, पण वेगळ्या कामावर. स्लाव मुळाच्या 'स्लाब'पासूनही 'स्लबिचुने' (दुबळेपणा) होते. म्हणजे तो आयात शब्दांवरचा शिक्का नव्हता. नवे शब्द फ्रेंचमधून तयार रूपात येत होते. अखेर बहुतेक ठिकाणी '-त्सिये' जिंकला ('रेवोलुत्सिये'), काही ठिकाणी '-त्सिउने' राहिला, 'नात्सिउने' त्यातलाच. १८६९मध्ये कवी दिमित्रिये पेत्रिनो यांनी पुम्नुल यांच्यावर बुकोविनातली (तेव्हाचा ऑस्ट्रियाचा एक प्रांत) रुमानी बिघडवल्याचा आरोप केला. पुढच्या वर्षी पुम्नुल यांचा विद्यार्थी मिहाय एमिनेस्कू गुरूच्या बाजूने लढला, पण स्वतःच्या कवितेत त्याने हे शब्द चालवले नाहीत.

पुरवणी : 'राष्ट्रवादी' हा शब्द ठेवा, फक्त एक वाक्य जोडा. ट्रान्सिल्व्हानियात (आज रुमानियात असलेला प्रदेश) तेव्हा 'राष्ट्र' म्हणजे राजकीय हक्क असलेला गट. असे तीनच होते : हंगेरियन सरदारवर्ग, सेकेय (हंगेरियन बोलणारा गट) आणि सॅक्सन (जर्मन बोलणारे). बहुसंख्य असूनही रुमानी त्यांत नव्हते. मे १८४८च्या क्रांतिकाळात तिथल्याच ब्लाज या गावच्या सभेत हीच मान्यता मागितली गेली. तेव्हा पुम्नुल ब्लाजला तत्त्वज्ञान शिकवत होते. त्या धामधुमीनंतर ते ऑस्ट्रियाच्या बुकोविनात गेले आणि चेर्नाउत्सीच्या (आजचे युक्रेनमधले चेर्निव्त्सी) जिम्नॅशियममध्ये (माध्यमिक शाळेत) रुमानी शिकवू लागले. 'स्वतंत्र देश मागणारा' हा अर्थ इथे आपोआप घेऊ नये.

प्रश्न : आणि 'लेप्तुरारियु'? व्हिएन्नात १८६२ ते १८६५ या काळात छापलेले त्यांचे पाठ्यपुस्तक. 'वाचनमाला'?

उत्तर : 'वेचे' जास्त बसते, कारण मूळ शीर्षकातच 'रुमानी लेखकांतून वेचलेले' असे आहे. पण पहिल्यांदा 'लेप्तुरारियु' तसेच लिहा. नुसते 'वेचे' लिहिले तर त्या नावातला 'प्त' नाहीसा होतो, आणि चर्चा त्या 'प्त'चीच आहे.