नवी कवळी आईला मानवत नाही, खालची सारखी उचलली जाते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईसाठी मदत हवी आहे. वय सत्तरीच्या पुढे, वरची-खालची पूर्ण कवळी. जुनी कवळी तिने खूप वर्षं वापरली. त्या कवळीचे दात घासून अगदी सपाट झाले होते, वरच्या कवळीला टाळूवर मधोमध तडा गेला होता आणि ओठांचे कोपरे ओलसर राहून सारखे चिरायचे. डॉक्टर म्हणाले, दात झिजल्यामुळे दोन जबड्यांमधली उंची कमी झालीय, म्हणून ओठांच्या कडेला घडी पडून लाळ साचते, नवा संच करून घ्या. पटलं. रीतसर माप घेतलं, मेणावर दात बसवून दाखवले, आईने आरशात बघून होकार दिला. कवळी आली ती दिसायला फार छान. गाल भरलेले दिसतात, कोपरेही बरे होत आलेत.

पण ती घालायलाच तयार नाही.

वरची घट्ट बसते, काढताना ओढावी लागते. तिची मागची कड घशाशी लागून उमासा येतो अशी तक्रार सुरुवातीला होती, ती आता कमी झालीय. खरा त्रास खालच्या कवळीचा. घास घ्यायला तोंड उघडलं की ती तरंगल्यासारखी वर येते. बोलताना दात एकमेकांवर आपटून टकटक आवाज होतो, ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे येतात. जिभेच्या बाजूला उजवीकडे अगदी मागे एक लाल रेघ उमटली होती. डॉक्टरांनी तेवढी कड घासून दिल्यावर ती गेली. तोंड कोरडं पडतं असंही म्हणते. रक्तदाबाची आणि झोपेची गोळी चालू आहे.

आई उगाच कुरकुर करणाऱ्यांतली नाही, म्हणून ती हलतेय म्हणते तेव्हा हलतच असणार असं मी धरून चालते. भेटेल तो ‘सवय होईल’ म्हणतो. नेमकी किती दिवसांत? आणि मुळात बसणंच चुकलं असेल तर सवय होणार तरी कशाची? आतून मऊ अस्तर लाव, फ्लेक्सिबल कर, धातूची कर, पावडर लाव असे सल्लेही मिळताहेत. मटेरियल बदलून काही साधेल का, की डॉक्टरांकडे आणखी काही मागायला हवं? सध्या जेवताना ती हळूच जुनी कवळी लावते आणि चारचौघांत नवी. मला तिला रागवायचं नाही, पण तिचं खाणं उतरलंय आणि ते बघवत नाही.

– दवबिंदू

---

पाऊलवाट:

मी स्वतः कवळी वापरतो, वरची आणि खालची. दवबिंदू ताई, आईंची जीभ कुठे असते ते बघा. नवी खालची कवळी तोंडात आली की जीभ घाबरून मागे जाते, आणि जीभ मागे गेली की कवळीला आतून धरणारं काही उरत नाही. मला डॉक्टरांनी शिकवलं होतं की जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून हलकं टेकवून ठेवायचं आणि तसंच तोंड उघडायचं. पहिले काही दिवस मुद्दाम लक्ष द्यावं लागतं, मग आपोआप होतं.

घास लहान घ्यायचा, पुढच्या दातांनी तोडायचा नाही, आणि दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून एकदम चावायचा. खऱ्या दातांनी आपण एका बाजूने चावतो. कवळीत तसं केलं की दुसरी बाजू उचलली जाते. ‘स’साठी रोज मोठ्याने वाचन करायला लावा. सुरुवातीला एकट्याने खोलीत, कारण माणसांसमोर लाज वाटते. माझा ‘स’ वाचूनच सुधारला.

---

गवतफूल:

माझ्या बाबांना काही दातांची फ्लेक्सिबल कवळी आहे. पहिलं वर्ष छान गेलं, आता हिरडीत रुतते आणि डाग पडलेत. याचं कारण कुणी सांगेल का? तुमच्याच प्रश्नाला जोडून विचारते आहे, वेगळा धागा काढत नाही.

---

निरभ्र:

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, कवळ्या करणं हेच माझं रोजचं काम. तोंडात बघितल्याशिवाय निदान सांगत नाही, पण काय बघायचं ते सांगू शकतो.

आईंची वरची घट्ट आणि खालची तरंगती, यात नवल काही नाही. वरच्या कवळीला टाळू मिळतो. तिला टेकायला खालच्या कवळीच्या साधारण दुप्पट जागा असते. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये लाळेचा एक पातळ थर असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की सरकतात पण सुटत नाहीत, तशी वरची त्या थरामुळे चिकटते. कडा सगळीकडून मिटलेल्या असल्या तरच हे जमतं. खालची कवळी नालाच्या आकाराची, मध्ये जीभ, बाजूला गाल, पुढे ओठ. सगळे हलणारे. शिवाय खालचं हाड जास्त झिजतं. टाल्ग्रेन या संशोधकांनी १९७२ साली २५ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेलं काम प्रसिद्ध केलं, त्यात कवळी जिच्यावर टेकते तो खालच्या जबड्याच्या हाडाचा उंचवटा वरच्याच्या सुमारे चौपट खाली गेलेला दिसला. आईंनी जुनी कवळी वर्षानुवर्षं वापरली आहे, म्हणजे खाली उंचवटा फारसा उरला नसणार. वरच्या कवळीचा मधला तडासुद्धा त्यातूनच. हाड झिजून कवळी बाजूंनी खाली बसते, टाळूचा मधला कठीण भाग मात्र तिथेच राहतो, आणि प्रत्येक चावण्यागणिक कवळी त्या मध्यावर थोडी थोडी वाकत राहते. शेवटी तडा जातो.

आता ‘बसणं चुकलंय की सवय नाही’ हे कसं ओळखायचं. आईंना तोंड थोडंसंच उघडायला सांगा, अर्ध्यापर्यंत. जीभ पाऊलवाट म्हणतात तशी पुढे टेकलेली, आणि बाकी काहीही हलवायचं नाही. तरीही कवळी लगेच वर आली, तर बाहेरची कड कुठेतरी लांब आहे आणि ओठ किंवा गाल तिला ढकलतो आहे. तसं असेल तर सवय कितीही करा, काही उपयोग होणार नाही, कड कमी करावीच लागते. अर्ध्या तोंडाला ती जागेवर राहिली पण जीभ डावी-उजवी केली की उठली, तर आतली कड लांब आहे किंवा मागचे दात जिभेच्या फार जवळ लावलेत. मग एका बाजूच्या दाढेवर बोटाने सरळ खाली दाबून बघा. दुसरी बाजू उचलली जाते का? जात असेल तर डॉक्टरांना तेवढंच सांगा, त्यांना पुढचं कळेल. आणि यातलं काहीच झालं नाही, नुसती खाताना हलली, तर तो भाग शिकण्याचा आहे. नव्या कवळीने चावायला शिकायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात, वय जास्त असेल तर त्याहूनही जास्त. बोलणं त्याआधी सुधारतं.

टकटकीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. खालची उचलली जाऊन वरच्या दातांवर आपटत असेल तर ती घट्ट झाल्यावर आवाजही थांबेल. पण उंचीच जास्त झाली असेल तर जबडा कधीच मोकळा होत नाही. स्वस्थ बसल्यावर वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट हवी. संध्याकाळी गालाचे स्नायू दुखतात का, ओठ मिटायला जोर लागतो का, ते विचारा. आईंची जुनी उंची बरीच खाली गेली होती आणि ती एकदम वर आणलीय, म्हणून हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारण्यासारखा आहे.

मटेरियलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खालची कवळी हलते यावर मटेरियल बदलणं हा उपाय नाही. नेहमीची कवळी अ‍ॅक्रिलिकची असते, म्हणजे पीएमएमए नावाच्या कडक प्लास्टिकची. १९३०च्या दशकात ती आली आणि कडक रबराच्या कवळ्या मागे पडल्या. साच्यात शिजून कडक होताना तिचं आकारमान साधारण ७ टक्के आकसतं. वरच्या कवळीत त्याचा परिणाम टाळूच्या मागच्या बाजूला दिसतो. तिथे किंचित फट राहू नये म्हणून आम्ही साच्यावर तेवढी रेघ खरवडून घेतो, म्हणजे कवळी तिथे हलकी दाबून बसते. आईंना उमासा येत होता ती हीच कड. ती लांब असली तरी उमासा येतो आणि सैल असली तरी येतो, म्हणून आधी कापू नका, आधी तपासून घ्या. संगणकावर आखून तयार ठोकळ्यातून कोरलेल्या कवळ्याही आता मिळतात. त्यात आकसणं आधीच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे बसतात चांगल्या. पण माप चुकलं असेल तर त्याही हलतील.

धातूची म्हणजे कोबाल्ट-क्रोमियमची पट्टी वरच्या कवळीत उपयोगी. अ‍ॅक्रिलिकला जिथे सुमारे २ मिलिमीटर जाडी लागते तिथे ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास चालते, गरम-थंड कळतं आणि मधोमध तडा जात नाही. वरची पुन्हा तडकली तर विचार करा. तोटा एवढाच की हाड झिजल्यावर धातूला आतून नवा थर चढवणं अवघड जातं.

मऊ अस्तर खालच्या जबड्याचं हाड टोकदार असेल, दाबलं की दुखत असेल, तर फार दिलासा देतं. घट्टपणा मात्र ते आणत नाही, आणि वेळोवेळी बदलावं लागतं.

गवतफूल, फ्लेक्सिबल म्हणजे नायलॉनची. धातूच्या अर्धकवळीला शेजारच्या दातांवर टेकायला छोटे आधार असतात, त्यामुळे चावण्याचा भार दात घेतात. नायलॉनच्या बहुतेक कवळ्यांना ते नसतात, सगळा भार हिरडीवर येतो आणि ती रुतत जाते. तिला घासून पुन्हा चकाकी आणणंही कठीण, खरखरीत राहिली की डाग धरते. बाबांच्या शेजारच्या दातांच्या हिरड्या एकदा तपासून घ्या.

चिकटवण्याची पावडर किंवा क्रीम शिकण्याच्या काळात थोडं चालेल. तोंड कोरडं असणाऱ्यांना मदतही होते, कारण लाळच कमी तर पकडही कमी. झिंक नसलेलं घ्या. झिंकचं क्रीम वर्षानुवर्षं भरपूर वापरल्याने शरीरातलं तांबं कमी होऊन नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत. आणि कड चुकली असताना क्रीम लावलं तर दुखणं झाकलं जातं, म्हणून आधी तपासणी. गोळ्यांमुळे कोरड पडते का हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.

जेवताना जुनी आणि बाहेर नवी हे मात्र थांबवायला हवं. दोन कवळ्यांची उंची वेगळी, दातांची जागा वेगळी. स्नायूंनी शिकायचं तरी कोणतं?

---

दवबिंदू:

निरभ्र, पाऊलवाट, तुमचे खूप आभार. आईला समोर बसवून सगळं करून बघितलं. जीभ खरोखरच मागे गोळा करून बसली होती. ती पुढे टेकवली तरी अर्ध्या तोंडाला कवळी पुढून वर येत होती. हे अगदी याच शब्दांत डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कडेला पांढरी पेस्ट लावून तोंडात बसवली आणि ओठ-गाल हलवून घेतले. बाहेर काढल्यावर खालच्या ओठाच्या बाजूला पेस्ट पुसली जाऊन आतला गुलाबी रंग दिसत होता, नखाएवढी जागा. तेवढीच कड कमी केली. आता तोंड उघडलं तरी कवळी बसून राहते! टकटक खूप कमी झाली. उंची त्यांनी मोजली, फट पुरेशी आहे म्हणाले. ‘स’ अजून शिट्टी मारतो, वाचन सुरू केलंय.

दोन गोष्टी राहिल्या. तिला रात्रीसुद्धा कवळी घालूनच झोपायचं असतं, कुणी बघू नये म्हणून. चालेल का? आणि एक नातेवाईक म्हणतात की या वयात सरळ इम्प्लांट करा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून घ्या.

---

निरभ्र:

वा, हे वाचून फार बरं वाटलं. ‘पुढून वर येते’ हे तुम्ही नेमकं सांगितलंत म्हणून एका बैठकीत काम झालं.

रात्री काढायलाच हवी. हिरडीला मोकळीक मिळते आणि कवळीखाली वाढणारी बुरशी आटोक्यात राहते. जपानमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८५ वर्षं आणि त्यावरच्या ५२४ जणांना पाहिलं होतं. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे २.३ पट आढळला. आईंना हे कारण सांगा, त्यांना पटेल. खोलीत दिवा मालवल्यावर काढली आणि उठल्या उठल्या लावली तरी चालतं, त्यांची भीती रास्त आहे. कवळी साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, वाकडी होते. घासायला मऊ ब्रश आणि साबण. टूथपेस्टने ओरखडे पडतात. घासताना खाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा, हातातून सुटली तर फुटणार नाही.

इम्प्लांटचं म्हणाल तर नातेवाईक चुकीचं सांगत नाहीत. २००२ साली मॉन्ट्रियलला तज्ज्ञ जमले होते. खाली एकही दात नसेल तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर अडकणारी काढता येणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा, असं त्यांनी मांडलं. नुसतं वय आड येत नाही. हाड किती उरलंय, मधुमेह आहे का, हाडांसाठीची औषधं चालू आहेत का, हे बघावं लागतं. पण आता कवळी बसतेय, तर आधी आठ आठवडे जाऊ द्या. तेव्हाही नीट खाता येत नसेल तर विचारा.

मध्ये कुठे टोचलं तर डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवसापासून कवळी लावून ठेवा. कवळी काढून गेलात तर हिरडीवरची खूण विरते आणि कुठे घासायचं ते सापडत नाही. आणि जुना संच टाकू नका, आईंच्या हाताशी मात्र ठेवू नका. पाण्यात ठेवा, सुकू देऊ नका. नवी कधी दुरुस्तीला द्यावी लागली तर तेवढ्यापुरता उपयोगी पडेल. पुढे कधी पुन्हा संच करायची वेळ आली तर मात्र या नव्या कवळीचीच नक्कल करून मागा, म्हणजे जिभेला-गालांना ओळखीचा आकार तसाच राहतो आणि बदलायची ती फक्त आतली बाजू आणि झिजलेले दात.