शब्दचर्चा: ‘कडक’ सिगार म्हणजे नेमकी कशी?

पणजीहून

आम्ही काही मित्र अधूनमधून एकाच्या गच्चीवर जमून हाताने वळलेल्या सिगारी ओढतो, चर्चा करतो आणि वहीत गुण लिहितो. वहीत मराठीतच लिहायचं, हा दंडक. मागच्या बैठकीत निकाराग्वाची एक ‘रोबुस्तो’ आकाराची सिगार होती: पाच इंच लांब, रिंग ५०. (रिंग म्हणजे इंचाचा ६४ वा भाग, म्हणजे जाडी साधारण २० मिलिमीटर.) तिच्यापुढे सगळ्यांनी एकच शब्द लिहिला: ‘कडक’.

विचारल्यावर कळलं की एकाला ती बोटांनी दाबून टणक लागली होती. दुसऱ्याला झुरका घेताना गाल खपाटीला जाईपर्यंत जोर लावावा लागला. तिसऱ्याला अर्ध्यावर दरदरून घाम फुटला. आणि चौथ्याने ‘एकदम कडक!’ लिहिलं ते निव्वळ आवडली म्हणून. आता वर्षभराने वही उघडली तर यातून काय कळणार?

सिगारवाले ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘बॉडी’ वेगवेगळी धरतात. पहिली निकोटिनची, दुसरी तोंडात धूर किती भरून येतो त्याची. या दोन्हींना मराठीत काय म्हणावं? आणि रॅपर, बाइंडर, फिलर या सिगारच्या बाहेरून आतल्या तीन थरांना?

फोंड्याहून

‘स्ट्रेंग्थ’ला आपल्याकडे शब्द आहेच. सुपारी *लागते*, पान *लागतं*, तंबाखू *लागते*. कानशिलं गरम होणं, घाम, मळमळ, मग कोणीतरी तोंडात चिमूटभर साखर टाकायला सांगणं, हे सगळं त्या एका क्रियापदात आलं. तेव्हा तिसऱ्या मित्राने ‘लागली’ एवढंच लिहावं. कमी-जास्त दाखवायचं असेल तर ‘न लागणारी’, ‘उशिरा लागणारी’, ‘चांगलीच लागणारी’. नाम हवंच असेल तर ‘लाग’ म्हणा, पण मला क्रियापदच बरं वाटतं.

‘बॉडी’ला ‘भरीव’ आणि ‘पातळ’. आवाज भरीव असतो तसा धूर भरीव. सिगार भरीव असूनही न लागणारी असू शकते आणि उलटही. काही सिगारींचा धूर पाण्यासारखा पातळ, आणि उठून उभं राहिलं की खांब धरावा लागतो. ‘कडक’ने हा फरक पुसला जातो, म्हणून तो शब्द वहीतून हद्दपार करावा असं माझं स्पष्ट मत. वळण टणक असेल तर ‘घट्ट वळलेली’, झुरका जड येत असेल तर ‘ओढ जड’, नाकात झिणझिण्या आल्या तर ‘तिखट’.

गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही असाच घोळ आहे. झाडाच्या शेंड्याकडची पानं ऊन जास्त खातात, जाड आणि तेलकट होतात, सगळ्यात जास्त लागतात ती हीच. त्यांना म्हणतात ‘लिगेरो’, आणि लिगेरोचा अर्थ हलका!

म्हापशाहून

फोंडेकरांशी सहमत. गोव्यात हा भेद नवा नाही. फेणीची ताकद आपले जुने लोक ‘ग्राव’मध्ये सांगायचे, हुर्राक (काजूच्या दारूची पहिली धार) चौदा-पंधरा ग्रावचा, फेणी एकोणीस-वीसची. पण वास आणि चव यांचं बोलणं त्याहून वेगळं. वीस ग्रावची फेणी वासाला मवाळ असू शकते हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सिगारला ग्राव नाही, एवढाच फरक.

अजून एक: काळं पान दिसलं की लोक आधीच ‘कडक’ म्हणून मोकळे होतात. वरचं पान काळं म्हणजे जास्त लागणारी, असं मुळीच नाही. ते बहुतेकदा जास्त मुरवलेलं असतं आणि चवीला गोडसर निघतं. त्याला ‘मादुरो’ म्हणतात. ज्यांच्या घरात पोर्तुगीज होतं त्यांना अर्थ सांगायला नको: पिकलेलं. आपण ‘मुरलेलं’ म्हणू या. लोणचं मुरतं, तंबाखूही मुरते. पानांचे ढीग रचतात, ते आतून तापतात, उलथेपालथे करतात, आणि अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. कच्ची राहिलेली सिगार पेटवली की तो दर्प नाकाला पहिल्या झुरक्यातच कळतो.

मडगावहून

रॅपर, बाइंडर, फिलर: वरपान, बांधपान, भरण. वरपान सगळ्यात देखणं, बांधपान आकार धरून ठेवतं, भरणात दोनतीन प्रकारची पानं एकत्र. ‘सारण’ही सुचलं होतं, पण ‘सारण’ वाचलं की माझ्यासमोर नेवरी (करंजी) येते, सिगार येत नाही.

‘वळणे’ मात्र हवंच. विडी वळतात, वात वळतात, सिगारही वळतात. ‘हस्तनिर्मित’ लिहिलं की खादीच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं.

जाता जाता: ‘चिरूट’ला का टाकता? तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळणं, गुंडाळी. तिथून पोर्तुगीजांनी ‘शारूतु’ उचलला, आणि पोर्तुगीजमध्ये आजही कोणत्याही सिगारला, अगदी क्युबाच्याही, शारूतुच म्हणतात. मराठीत मात्र चिरूट म्हटलं की त्रिचनापल्लीची, दोन्ही टोकं कापलेली, स्वस्तातली वस्तू आठवते. शब्दाचा मान उतरलाय, वस्तूचा नाही.

सांखळीहून

‘ओढ जड’ असण्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींना एकच शब्द लावू नका. एक, वळणाऱ्याने भरण दाबून भरलं. दुसरं, सिगार *सादळली*. गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये पापड, बिस्किटं, काडेपेटी, काय सादळत नाही? सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे पावसाळ्यात उघड्यावर ती ८५ च्या वर असते. सादळलेली सिगार फुगते, वरपान शिवणीला तडकतं, एक कड पुढे पळते आणि दुसरी विझते. अशी सिगार ओढून गुण देणं हा तिच्यावर अन्याय.

त्यातच पांढरा थर दिसला तर काही विक्रेते ‘हे तेल बाहेर आलंय, उत्तम मुरल्याची खूण’ असं सांगतात. ऐकू नका. बहुतेक वेळा तो साधा *बुरा*, म्हणजे बुरशी, असतो. मऊ, केसाळ, ठिपक्याठिपक्यांचा असला तर बुराच. आणि टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर किडा. हळकुंडं पोखरणारा तपकिरी किडा तोच. उबेत त्याची अंडी फुटतात, म्हणून गोव्यात नुसती ओल सांभाळून भागत नाही, तापमानही बघावं लागतं.

पेटीच्या लाकडाला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात म्हणून वहीत ‘देवदार’ लिहिलेलं मी पाहिलंय. तो देवदार नव्हे. झाड अमेरिका खंडातलं, कूळ कडुनिंबाचं. आपला तून त्याचा जवळचा भाऊबंद. ‘तुनाच्या लाकडाचा वास’ लिहा, नाहीतर सरळ ‘सिगारच्या पेटीचा वास’.

पणजीहून

‘लागणारी’, ‘भरीव’, ‘सादळलेली’ हे तीन तर आजच वहीत गेले.

चवींचं विचारतो. ‘अर्दी’ला (मातीची आठवण देणाऱ्या चवीला) एकाने ‘मातकट’ लिहिलं. सिगारवाल्यांच्या लेखी ती स्तुती, पण आपण मातकट म्हणतो ते नीट न धुतलेल्या बटाट्याला.

फोंड्याहून

‘-कट’ आणि ‘-अट’वाले बहुतेक शब्द नाक मुरडूनच येतात: मातकट, धुरकट, करपट, कडवट, मळकट. दोष सांगायला ते वापरा. सिगार जोरजोरात ओढून तापवली की चव करपट होते, तिथे ‘करपट’ चपखल. गुण सांगायचा तर नाम घ्या: ओल्या मातीचा वास, भाजलेल्या काजूचा खमंगपणा, मिऱ्याचा तिखटपणा. ‘मिरी’सुद्धा नुसती नको. काळी मिरी जिभेवर चावते, पांढरी मिरी नाकात जाते. नाकाने थोडा धूर सोडून पाहिला की फरक कळतो.

डिचोलीहून

वाचतोय, मजा येतेय. एक कडू गोष्ट सांगतो, कारण पेशाने दातांशी संबंध आहे. ‘धूर गिळत नाही, त्यामुळे काही होत नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच शोषलं जातं, म्हणून तर ती ‘लागते’. आणि तोंडाच्या कर्करोगाला धूर छातीत जावा लागत नाही. आता चालू द्या.

म्हापशाहून

डॉक्टर, मान्य.

गुणांबद्दल कुणी बोललंच नाही. १०० पैकी गुण देण्याची पद्धत १९९२ साली निघालेल्या एका अमेरिकी सिगार मासिकाने रूढ केली. ते सिगारवरची कागदी पट्टी काढून, नाव झाकून ओढतात. पण त्यांच्या हिशेबात ९० च्या वर उत्तम, आणि ८० च्या खाली कुणी फारसं विचारत नाही. आपल्या डोक्यात ३५ ला पास आणि ७५ ला डिस्टिंक्शन! आमच्या एका मित्राने मनापासून आवडलेल्या सिगारला ७८ दिले होते. कौतुकाने. त्यापेक्षा १० पैकी द्या, किंवा ‘पुन्हा घेईन / कुणी दिली तर ओढेन / नको’ एवढंच लिहा.

आणि ‘प्रतवारी’ हा शब्द गुणांसाठी वापरू नका. वळण्याआधी पानं रंग-आकाराप्रमाणे निवडतात ती प्रतवारी, काजूची करतात तशीच.

पणजीहून

त्या रोबुस्तोची नोंद नव्याने लिहिली:

‘वळण घट्ट, पण सादळलेली नाही. ओढ सुरुवातीला जड, इंचभर जळल्यावर मोकळी. धूर भरीव. आधी काळी मिरी, मग भाजलेला काजू. अर्ध्यानंतर चांगलीच लागते, पोटात काहीतरी असू द्यावं. राख बोटाच्या एका पेराएवढी टिकली. शेवटी करपट, पण तो दोष आमच्या घाईचा. पुन्हा घेईन.’

मडगावहून

‘भाजलेला काजू’ऐवजी ‘भाजलेली काजूबी’ करा. गोव्यात नुसता काजू म्हटलं की निम्मे लोक बोंडू (काजूचं रसाळ फळ) समजतील, आणि बोंडवाच्या चवीची सिगार मिळाली तर मला आधी कळवा.