स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर शाळेत पुन्हा रुजू होताना

फोंड्याची शिक्षिका

नमस्कार. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका सरकारी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. शस्त्रक्रियेत माझा उजवा स्तन आणि काखेतील गाठी काढण्यात आल्या. त्यानंतर किमो आणि रेडिएशनही पूर्ण झाले असून, चतुर्थीची सुट्टी संपली की कामावर जायला हरकत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. जखम भरली आहे, रिपोर्टही चांगले आहेत. मात्र हात खांद्याच्या वर नेला की काखेपासून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी ओढ बसते आणि फळ्याच्या वरच्या भागात दोन ओळी लिहिण्यापुरताही तो तिथे टिकत नाही. दुपारनंतर तर असा थकवा येतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येत असूनही त्यात लक्ष राहत नाही.

घरी बसून राहण्याचा मला कंटाळा आला आहे आणि मुलांमध्ये परत जाण्याची मनापासून इच्छा आहे. पण पहिल्याच दिवसापासून सगळे तास घ्यावेत का, मुख्याध्यापकांना आणि सहकाऱ्यांना किती सांगावे, केस अजून बोटभरच वाढले आहेत त्याविषयी मुलांनी विचारले तर काय उत्तर द्यावे आणि स्कूटर कधी चालवावी, हे मला कळत नाही. या वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त मुख्याध्यापिका, डिचोली

ताई, माझीही शस्त्रक्रिया नोकरीत असतानाच झाली होती, आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून अशा रजेवरून परतलेल्या शिक्षिकांची वेळापत्रकेही मी आखली, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

वैद्यकीय दाखल्यावर रजा घेतली असेल तर तंदुरुस्तीचा दाखला दिल्याशिवाय रुजू होता येत नाही. केंद्राचे १९७२ चे रजा नियम आपल्याकडील सरकारी कर्मचाऱ्यांना लागू आहेत आणि त्यांत हे स्पष्ट आहे. बहुतेक जणी हा दाखला ‘कामास योग्य’ एवढ्या दोन शब्दांवर घेऊन येतात. तुम्ही डॉक्टरांना विनंती करून त्यात पुढच्या काही महिन्यांसाठी उजव्या हाताने जड वस्तू उचलू नये, हात वर धरून सलग लिहू नये आणि सलग तास देऊ नयेत, असे लिहून घ्या. तोंडी सांगितलेले पहिल्या आठवड्यात सर्वांच्या लक्षात राहते. नंतर कोणीतरी रजेवर जाते, बदली तासांचे पान फिरते आणि तुमच्या नावापुढे खूण पडते. कागद असला की मुख्याध्यापकांनाही इतरांना समजावणे सोपे जाते.

सरकारी नियमांत अर्ध्या दिवसाची नोकरी अशी सोय नाही, पण वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात असते. तुमचे तास मधल्या सुट्टीच्या आधी ठेवता येतील, दोन तासांमध्ये एक मोकळा तास देता येईल आणि वरच्या मजल्यावरचा वर्ग खाली आणता येईल. वर्गशिक्षकपद, सहल आणि स्नेहसंमेलन यांतून या वर्षापुरती सूट मागा, आणि ती मागताना संकोच करू नका. अर्धपगारी रजा शिल्लक असेल तर ती सगळी आत्ताच संपवू नका. वर्षाला ती २० दिवस जमा होते आणि दाखल्यावर पूर्ण पगारी करून घेतली तर एका दिवसाला दोन दिवस वजा होतात. पुढच्या तपासण्यांसाठी तिचा उपयोग होईल.

सांगण्याबाबत माझे मत ठाम आहे. मुख्याध्यापकांना सगळे सांगावे. स्टाफरूममध्ये आपल्याला झेपेल तेवढेच. ‘कोणत्या बाजूचा, किती काढला’ अशी विचारपूस काळजीपोटीच होते, तरी तिला उत्तर देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. मुलांना मात्र खरे सांगा. मी माझ्या वर्गात ‘मला कर्करोग झाला होता, औषधाने केस गेले, आता परत येत आहेत, आणि हा आजार संसर्गाने होत नाही’ असे पहिल्याच तासाला सांगितले होते. दोन-तीन प्रश्न आले, मग आम्ही धडा उघडला.

म्हापशाची फिजिओथेरपिस्ट

तुम्ही वर्णन केलेली ओढ काखेतील गाठी काढल्यानंतर अनेकींना जाणवते. त्वचेखाली ताणलेल्या दोऱ्या कधी कधी डोळ्यांनाही दिसतात. नेमाने व्यायाम केल्यास ती बहुधा काही महिन्यांत सुटते, मात्र फिजिओथेरपिस्टला एकदा हात दाखवून व्यायाम शिकून घ्या. भिंतीवर बोटे चालवत हात वर नेणे हा सोपा व्यायाम आहे. दंडाच्या आतल्या बाजूचा बधिरपणा मात्र पुष्कळ काळ राहू शकतो, त्याने घाबरून जाऊ नये.

शाळेत फळ्याचा छातीइतक्या उंचीचाच भाग वापरा आणि लांब मजकूर मुलांकडून लिहून घ्या. वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या कोणी आणावा, पर्स डाव्या खांद्यावर असावी. हाताची सूज वर्षांनंतरही येऊ शकते. बांगडी किंवा अंगठी नेहमीपेक्षा घट्ट वाटली, हात जड झाला, तर वाट न पाहता दाखवा. लाली आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, कारण तो जंतुसंसर्ग असू शकतो. मासळी साफ करताना काटा लागू नये म्हणून हातमोजे वापरावेत.

याचा अर्थ हात जपून निकामी करावा असा नाही. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, त्यांची सूज इतरांपेक्षा जास्त वाढली नाही. थकव्यावरही रोजचे चालणे हाच त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे. रक्त कमी आहे का आणि थायरॉइड ठीक आहे का, हे मात्र एकदा तपासून घ्यावे.

वेर्ण्याची कामगार

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत औषधांच्या पॅकिंगमध्ये काम करते. ताईंसारखी सरकारी रजा नसलेल्या भगिनींसाठी लिहिते. तुमच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर आजारपणाचा भत्ता साधारण ९१ दिवस मिळतो. कर्करोग दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे, नोकरीची आणि वर्गणीची अट पूर्ण होत असेल तर त्यानंतर पगाराच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हा भत्ता चालू असताना कामावरून काढण्यावर मालकाला बंधने असतात. मला हे वॉर्डातल्या शेजारच्या बाईने सांगितले, कंपनीने नाही. परत आल्यावर मी उभ्याच्या कामाऐवजी लेबल तपासण्याचे बसून करायचे काम मागितले आणि ते मिळाले.

फोंड्याची शिक्षिका

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन दाखल्यात वरच्या गोष्टी लिहून घेईन आणि मगच मुख्याध्यापकांना भेटेन. स्कूटरचे तेवढे राहिले.

म्हापशाची फिजिओथेरपिस्ट

उजव्या हाताकडे ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असतो, म्हणून गाडी आधी अंगणात बंद ठेवून बसा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि ब्रेक एकदम घट्ट दाबून पाहा. वेदना न होता हे जमले, तर डॉक्टरांना विचारून आधी वाड्यातल्या रस्त्यावरच चालवा. मोठ्या स्टँडवर गाडी ओढून लावू नका, बाजूचा स्टँडच वापरा. तोवर कदंब बसने जात असाल तर वरचा दांडा डाव्या हाताने धरावा आणि बसायला जागा मागून घ्यावी.