नवख्याला सीने सुरुवात करायला लावू नका

खतावणी

वय ३८, बी.कॉम., सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो. तीन महिन्यांपासून प्रोग्रामिंग शिकतोय, तेही दुसऱ्यांदा.

पहिला प्रयत्न २००५ सालचा. कॉलेजजवळचा क्लास, निळ्या पडद्याचं टर्बो सी, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर. तिसऱ्या आठवड्यात सरांनी दोन आकड्यांच्या गुणाकाराचा प्रोग्राम लिहायला लावला. मी २०० आणि २०० टाकले. उत्तर आलं उणे २५५३६. सरांना दाखवलं तर म्हणाले, "छोटे आकडे टाक." छोटे टाकले, बरोबर आलं. कॉमर्सचा पोरगा मी, दोन अधिक संख्यांचा गुणाकार उणे येतो आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही, हे बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की हे आपलं काम नव्हे. फी भरलेली होती तरी पुढच्या आठवड्यापासून गेलो नाही.

आता पायथन ही दुसरी भाषा घेतली. आमच्याकडे पिग्मी एजंट रोजचं कलेक्शन एक्सेलमध्ये देतात. एकाच खातेदाराचं नाव तिघं तीन प्रकारे लिहितात. महिनाअखेरीला जुळवणीत माझे दोन दिवस जायचे. आता तीसेक ओळींचा माझा प्रोग्राम न जुळणारी खाती बाजूला काढतो. व्हेरिएबलची, म्हणजे आकडे ठेवायच्या कप्प्यांची, नावंसुद्धा मराठीत ठेवलीत: मुद्दल, दर, मुदत. पायथनला चालतात!

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो, "मामा, आधी सी करा, पाया पक्का होतो." माझं मत: भाकरी थापायला शिकायला आलेल्याला आधी जातं ओढायला बसवायचं, हा प्रकार बंद करा.

जुना_मास्तर

साफ असहमत. २२ वर्षं डिप्लोमाच्या पोरांना सी शिकवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमचं उणे २५५३६ ही चूक नव्हती, ते उत्तर होतं. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांत, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या १६ जागांत, ठेवतात. त्यात उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ एवढंच मावतं. तुमचे ४०००० मावेनात, मग आकडा गरकन फिरून दुसऱ्या टोकाकडून आला. ४०००० मधून ६५५३६ (१६ बिटांत मावणारे एकूण आकडे) वजा करा, बघा काय येतं. जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचा, तसंच. फक्त इथे शून्याऐवजी उणे टोकाला जातो. तुमच्या सरांनी फळ्यावर पाच मिनिटं दिली असती तर तुम्ही आज माझ्या बाजूने भांडत असता. दोष मास्तरचा, शिक्षा भाषेला.

आणि हा किस्सा पोरखेळ नाही. १९९६ साली युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. कारण काय, तर मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत कोंबायला गेले. पायथनमध्ये पूर्णांक हवा तेवढा वाढतो, त्यामुळे शिकणाऱ्याला यंत्राला मर्यादा असते हेच कळत नाही. जातं ओढलेल्याला पिठाची प्रत कळते, साहेब.

अर्धविराम

मास्तर, पुण्यात १२ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलीत, माझीही सुरुवात सीनेच झाली. तरी खतावणींना +१.

तुम्ही सी शिकवत नाही, टर्बो सी शिकवता. १९८० च्या दशकातलं सॉफ्टवेअर, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारं. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर ते उघडतसुद्धा नाही, म्हणून कॉलेजवाले डॉसबॉक्स (डॉसचा आभास देणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात चालवतात. आजच्या नेहमीच्या कम्पायलरवर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) पूर्णांक ३२ बिटांचा असतो, २०० गुणिले २०० गपगुमान ४०००० येतं. म्हणजे तुमचा धडा भाषेतून कमी आणि जुन्या यंत्राच्या भुतातून जास्त येतोय. वर पोरं प्रत्येक प्रोग्राममध्ये पडदा पुसायची आणि शेवटी पडदा धरून ठेवायची ओळ लिहितात. का लिहिता विचारलं की "सरांनी सांगितलंय". मुलाखतीत असली पोरं समोर आली की वाईट वाटतं.

जुना_मास्तर

भूत वगैरे ठीक. ३२ बिटांनाही टोक आहेच, २१४ कोटींच्या पुढे जाऊन बघा. टोक लांब गेलं म्हणून ते नाहीसं होत नाही.

शेवंता

तुम्हा तिघांचं वाचून हसू आलं. मी ४६ वर्षांची, दोन्ही मुलं बाहेरगावी गेल्यावर दुपारी मोकळी, म्हणून पायथन सुरू केलं. खतावणीभाऊ, पायथनमध्ये असलं काही होत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? वापरणाऱ्याकडून दोन आकडे घेऊन बेरीज करायचा प्रोग्राम लिहिला. ५ आणि ५ दिले. उत्तर ५५. माझं उणे २५५३६ ते हेच. इनपुटमधून येतो तो आकडा नसतो, मजकूर असतो, त्याचा आधी आकडा करून घ्यायचा असतो, हे कळेपर्यंत दोन दिवस गेले. दशांश ०.१ आणि ०.२ मिळवले तर शेपटीला कुठून तरी ४ लागून आला, ती गंमत वेगळीच. ओळीच्या सुरुवातीला कुठे टॅब पडलाय आणि कुठे स्पेस, ते चष्मा लावूनही दिसत नाही.

एरर आला की तो इंग्रजीत, आणि इंग्रजी आलं तरी त्याचा अर्थ लागतोच असं नाही. मला तारलं ते खालच्या मजल्यावरच्या मुलीने. ती रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसायची आणि एकच विचारायची, "काकू, शेवटची ओळ मोठ्याने वाचा." पायथनचा एरर खालून वर वाचायचा असतो, हे मला कुठल्या व्हिडिओत कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मते कुठली भाषा हे दुय्यम, शेजारी कोण बसलंय ते आधी बघा.

खतावणी

शेवंताताई, ५५ चं मान्य. मीही आपटलोय तिथे. पण त्यातली एक मजा सांगतो. इनपुटमध्ये देवनागरी ५ टाकला आणि त्याचा आकडा करायला सांगितला, तर पायथन निमूटपणे तो पाच धरतं. आमचे दोन एजंट मराठी आकड्यांत टाईप करतात, त्यामुळे माझं मोठं काम वाचलं. प्रोग्रामच्या आत मात्र थेट ५ लिहिला तर चिडतं, तिथे इंग्रजी आकडेच लागतात.

कट्ट्यावरचा

अहो कुठल्या जमान्यात आहात? सी नको नि पायथन नको. एआयला मराठीत सांगा, तो लिहून देतो. जातं, तवा, भाकरी, सगळं पार्सल.

खतावणी

मागवलं होतं पार्सल. पिग्मीचा प्रोग्राम आधी त्याच्याकडूनच लिहून घेतला. दिसायला झकास. पण ज्या खात्याचं नाव जुळत नव्हतं ते त्याने गुपचूप वगळलं, एका शब्दाने बोलला नाही. कॅशबुकशी बेरीज लागेना म्हणून पकडलं गेलं. सगळा प्रोग्राम ओळीओळीने वाचला तेव्हा चूक सापडली, आणि वाचता येत होता कारण तोवर दीड महिना घासलेला होता. पैसे लोकांचे आहेत हो, कट्ट्यावरचे नाहीत.

जुना_मास्तर

इथे खतावणींशी शंभर टक्के सहमत. आता त्यांना एक गृहपाठ. पायथनला 'मराठी' या शब्दाची लांबी विचारा.

खतावणी

विचारली. ५ म्हणतंय. अक्षरं तर तीनच आहेत!

जुना_मास्तर

म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी. काना-वेलांटी संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हं आहेत, झाली पाच. हाच शब्द सीमध्ये मोजलात तर १५ येतात, कारण यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह साठवणीची तीन घरं, म्हणजे तीन बाइट खातं. माणसाला तीन, पायथनला पाच, यंत्राला पंधरा. तुम्ही नावं जुळवताय ना? मग उद्या ना परवा तुम्हाला या पंधरापर्यंत उतरावंच लागेल. आणि यादी अकारविल्हे लावून बघा. काळे काशीदच्या आधी येतील, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ळ हा ल च्या मागोमाग बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर.

शेवंता

हे ळ चं आत्ताच करून पाहिलं. खरंच की!

अर्धविराम

मास्तर, हे तुम्ही वर्गात शिकवत असाल तर मी माझे शब्द मागे घेतो.

खतावणी

सर, पंधराचं कोडं आवडलं. रविवारी बाइट म्हणजे काय ते धरून बसतो, तेही पायथनमध्येच. पण एक शंका. डॉसबॉक्समधल्या टर्बो सीमध्ये तुम्ही 'मराठी' टाईप कसं केलंत?

जुना_मास्तर

नाही होत तिथे. घरच्या लॅपटॉपवर नवीन कम्पायलर टाकलाय, त्यावर काढलं. लॅबमध्ये अजून निळा पडदाच आहे.